हिराताईंचा पेपर लिहायला सुरगाण्याला

हे लिहायला बसलो याचाच आधी संकोच वाटतो. प्रवासाचं लिहिणारी माणसं समुद्रापलीकडे जातात, बर्फ बघतात. मी आमच्याच जिल्ह्यात एसटीने गेलो आणि दुसऱ्याचा पेपर लिहून परत आलो. त्या पेपरातलं एक वाक्यही माझं नव्हतं. शिवाय आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे कसं लिहायचं हे विचारायला घरी कुणी नाही. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, "घरी आल्यावर आईला सांगितलं असशील तसंच लिही." मी घरी फारसं काही सांगत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. तरी प्रयत्न करतो. चुकलं असेल तिथे सांभाळून घ्या.

आमच्या कॉलेजात मॅडम एक सेवा गट चालवतात. त्यात अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक देण्याचं काम असतं. शहरातल्या केंद्रांसाठी भराभर हात वर झाले. सुरगाण्याचं नाव निघालं तेव्हा मात्र सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मे महिना, तिथल्या हिराताईंचे बी.ए.चे चार पेपर आणि आठवडाभर मुक्काम. मी वर्गात बोलत नाही. हजेरी देतानाही माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही, आणि दोनदा मी हजर असून गैरहजर लागलो आहे. पण माझं अक्षर बरं आहे. मला वाटलं, नुसतं लिहायचंच काम आहे, तोंड उघडावं लागणार नाही. म्हणून हात वर केला. माझा एवढा चुकलेला अंदाज दुसरा नाही.

मॅडमनी निघताना बजावलं, "ती सांगेल तेच लिहायचं. बरोबर असो, चूक असो. तुला येतं म्हणून तू त्यात काही घालायचं नाही. प्रश्न वाचायचा, ती म्हणेल ते लिहायचं, ती मागेल तेव्हा परत वाचून दाखवायचं. बाकी गप्प."

"गप्प राहणं जमेल," मी म्हणालो. त्या का हसल्या ते मला नंतर कळलं.

वणीच्या पुढे

आमची मखमलाबादला थोडी जमीन आहे, तिच्यात फुलं होतात. लग्नसराईत झेंडूला जोर असतो, अशा वेळी घरातला एक माणूस कमी होणं दादांना, म्हणजे वडिलांना, आवडलं नव्हतं. "दुसऱ्याचा पेपर लिहायला एवढ्या लांब?" एवढंच ते म्हणाले. पण निघताना त्यांनी पिशवीभर झेंडू माझ्या हातात दिला. "कुणाच्या दारात मोकळ्या हातानं जाऊ नये."

दिंडोरीपर्यंतचा रस्ता ओळखीचा वाटतो. द्राक्षबागा, शेततळी, पाइपचे ढीग. वणी मागे पडली की हळूहळू सगळं बदलतं. रस्ता वळायला लागतो, सागाची झाडं उघडीबोडकी दिसतात आणि मधेच एखादा मोह कोवळ्या तांबूस पानांनी भरलेला उभा असतो. एका वळणावर गाडी थांबली तेव्हा बायका पानांच्या द्रोणात करवंदं विकत होत्या. मी एक द्रोण घेतला आणि उतरेपर्यंत संपवला. त्यांच्या चिकाने ओठ एकमेकांना चिकटायला लागले. अशा तोंडाने मी हिराताईंच्या गावाच्या फाट्यावर उतरलो.

डोक्यावर पदर घेतलेल्या एक उंच बाई माझ्याकडे बघत होत्या. हिराताईंच्या सासूबाई. पुढे त्यांना मी मावशी म्हणायला लागलो.

"तू लिहिणारा?"

मी मान हलवली.

"एवढासाच?" त्या म्हणाल्या आणि माझी पिशवी माझ्या हातातून घेऊन चालायला लागल्या.

घर कुडाचं होतं, कारवीच्या काठ्या विणून मातीने लिंपलेलं. भिंतीला हात लावला तर भर उन्हातही गार लागे. ओट्यावर हिराताई बसल्या होत्या. वय माझ्याहून सात-आठ वर्षांनी जास्त असावं. मांडीवर सूप, कानाशी मोबाईल. चाहूल लागताच त्यांनी मोबाईल बंद केला.

"आलात का भाऊ? बोला काहीतरी, आवाज ऐकू द्या."

"नमस्कार."

"कुठून बोलताय, फाट्यावरूनच का?" त्या हसल्या. "अरे, मला दिसत नाही. ऐकू येतं तेवढंच आहे. तू असा बोललास तर तेही जाईल माझं."

पहिल्या दहा वाक्यांतच मी 'तुम्ही'चा 'तू' झालो. बरं वाटलं.

झेंडूची मात्र गंमत झाली. आमच्या घरी फूल राहत नाही. पहाटे तोडलेलं सगळं बाजारात जातं, आईच्या केसातही कधी एखादं दिसत नाही. मावशींनी पिशवी ओतली, दोरा घेतला आणि जेवणाच्या आत दाराला तोरण लावलं. आपल्या शेतातली फुलं दाराला लागलेली मी पहिल्यांदा बघितली, आणि तीही लोकांच्या दाराला.

माझी झोपायची सोय शेजारी हिराताईंच्या चुलत दिराच्या पडवीत केली होती. जेवण मावशींकडे. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, उडदाची घट्ट आमटी आणि खुरासणीची काळी चटणी. आमच्याकडे बाजरीची भाकरी असते, ती तव्यावरून उतरताच खायची. नागलीची गार झाली तरी मऊ राहते. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा मावशी म्हणाल्या, "खाणाऱ्याचा हात चालतो. लिहिताना बी चालू दे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आठवडाभर विसरू शकलो नाही. घरात त्या आपसात त्यांच्या डोंगरातल्या कोकणा लोकांच्या बोलीत बोलत, ती मला अर्धी कळे. पण हे त्यांनी मला कळावं म्हणून सावकाश सांगितलं.

"हे शेवटचं साल. दोन वर्षांमागं लिहिणारा आलाच नाय. गेल्या सालाला आला, त्याचं अक्षर त्यालाच वाचता येईना. लय झालं. यंदा पास झाली तर झाली, नायतर पुस्तकं बंद. मी सांगून ठेवलंय."

बी.ए. झालं की हिराताईंना बँकेच्या परीक्षेला बसता येणार होतं. त्या सुपातली नागली बोटांनी चाचपत राहिल्या.

पहिला पेपर

सकाळी जीपने सुरगाणा. उतरल्यावर मी हिराताईंचा हात धरून त्यांना नेऊ लागलो.

"थांब. मी म्हैस आहे का? तू मला धरू नको. मी तुझं कोपर धरते. तू नुसता चाल."

आम्हाला वेगळी खोली होती, कारण लेखनिक आणि विद्यार्थी बोलतात. समोर एक सर पर्यवेक्षक म्हणून बसले होते. हिराताईंनी कमरेच्या पिशवीतून मूठभर चिंचोके काढून बाकावर ठेवले. सर उठून आले.

"हे काय?"

"मुद्दे, सर. एक मुद्दा सांगून झाला की एक इकडचा तिकडे. नाहीतर विसरायला होतं."

सरांनी एकेक चिंचोका उचलून उजेडात धरला, उलटा केला, परत ठेवला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. "ठीक आहे," ते म्हणाले, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मग मी प्रश्न वाचला आणि हिराताई म्हणाल्या, "मोठ्यानं." पुन्हा वाचला. "अजून. आणि घाई नको. शब्द खाऊ नको, सकाळी खाल्लंयस." सर हसले. माझे कान तापले. तीन तास मी मोठ्याने वाचत होतो. शाळेत असल्यापासून मी एका दमात इतकं कधी बोललो नव्हतो. पेपर संपला तेव्हा हात दुखत होता, पण त्याहून जास्त घसा दुखत होता. परत येताना फाट्यावर मावशी उभ्या होत्या.

"जमलं का?"

"जमलं," मी म्हणालो. ते त्यांना पहिल्यांदाच ऐकू गेलं.

मधला दिवस

दोन पेपरांच्या मधे एक दिवस मोकळा होता. सकाळी मावशींबरोबर पाण्याला गेलो. डोक्यावर हंडा घेऊन चार पावलं चाललो आणि हंड्यासकट बसलो. तिथल्या बायकांना तेवढीच करमणूक. परत आलो तर हिराताई ओट्यावर अभ्यास करत होत्या, म्हणजे मोबाईल ऐकत होत्या.

त्यात एका पुरुषाचा आवाज होता. अडखळत, पण अगदी मन लावून कुणीतरी वाचत होतं. मधेच मोठा हॉर्न वाजायचा, आवाज थांबायचा, "हां, गेला ट्रक," म्हणायचा आणि पुढे वाचायचा.

"हे आमचे," हिराताई म्हणाल्या. "पिंपळगावला कांद्याच्या खळ्यावर कामाला आहेत. दहावी नापास. पुस्तक तिकडेच असतं. जेवण झालं की एकेक धडा वाचतात आणि पाठवतात." त्यांनी थोडं पुढे नेलं. "इथं बघ, शिंकतील." आवाज शिंकला. "मला ही शिंकसुद्धा पाठ आहे. एकदा उत्तर सांगता सांगता मीच शिंकले असते."

आम्ही खूप हसलो. आपण लग्न केलं तर आपल्याला असं कुणासाठी वाचता येईल का, असा विचार माझ्या मनात आला. तो मी कुणाला सांगितला नाही, इथेच पहिल्यांदा लिहितो आहे.

ग्रामीण विकासाचा पेपर

हा तिसरा पेपर, आणि त्यांना सर्वांत अवघड जाणारा. पहिला तास बरा गेला. मग मी प्रश्न वाचला: महिला बचत गटाची रचना आणि कार्यपद्धती स्पष्ट करा.

हिराताईंचा चेहरा उजळला. "हा येतो मला. लिही. परिसरातील महिला एकत्र येऊन बचत गट स्थापन करतात. गटाची अध्यक्ष व सचिव निवडली जाते." एक चिंचोका सरकला. "सभासद महिला ठरलेल्या वेळी एकत्र येतात." दुसरा चिंचोका. "त्या संकलन केंद्रावर दूध जमा करतात. दुधाची प्रत तपासून भाव ठरवला जातो."

माझं पेन थांबलं.

माझी आई मखमलाबादच्या बचत गटात आहे. महिन्यातून एकदा त्या आमच्या ओट्यावर जमतात, पैसे घालतात, कुणाला कर्ज द्यायचं यावरून भांडतात, चहा पितात. तिथे मी कधी दूध बघितलं नाही, चहात असतं तेवढं सोडून. ही तर दूध संस्थेची माहिती होती.

"का थांबलास?" हिराताईंनी विचारलं. पेनचा आवाज बंद झालेला त्यांना लगेच कळला.

मी सरांकडे बघितलं. सर माझ्याकडेच बघत होते. एक शब्द, फक्त एक शब्द बोललो असतो तर त्या सावरल्या असत्या. मला मावशी दिसत होत्या, फाट्यावर उभ्या. पुस्तकं बंद, असं म्हणणाऱ्या.

"काही नाही," मी म्हणालो. "सांगा."

त्यांनी सांगितलं. शीतकरण केंद्र, संघाचे टँकर, वर्षअखेरीचा बोनस. एकही शब्द न अडखळता, चिंचोके एकेक करून पलीकडे जात होते. मी लिहीत गेलो. माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर अक्षर काढलेलं नाही. दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून अक्षर तरी चांगलं काढत होतो.

बाहेर आल्यावर त्यांनी माझं कोपर धरलं. जीपकडे चालता चालता म्हणाल्या, "कुठंतरी चुकलं ना माझं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "एका ठिकाणी."

"कुठं ते सांगू नको. उद्या इतिहास आहे, डोकं साफ पाहिजे. आणि उद्यानंतरही सांगू नको. निकाल लागेपर्यंत मी तेच चघळत बसेन."

"ताई, मी बोलू शकत होतो तिथं."

"आणि मग? तो पेपर कुणाचा झाला असता?" त्यांनी माझ्या कोपराला चिमटा काढला. "चल. जीप सुटेल."

इतिहासाचा पेपर चांगला गेला. पण मी नीट ऐकत नव्हतो. माझ्या डोक्यात दूधच होतं.

पिंपळगाव बसवंत

परतताना वणीहून मी सरळ नाशिकला आलो नाही. हिराताईंनी नवऱ्यासाठी, काशिनाथभाऊंसाठी, कैरीचं लोणचं आणि नागलीचं पीठ दिलं होतं, म्हणून पिंपळगावला उतरलो. कांद्याचं खळं हायवेला लागूनच होतं. पत्र्याच्या शेडखाली कांद्याचे डोंगर, वारा आला की लाल पापुद्रे उडायचे. काशिनाथभाऊ कांदे निवडत बसले होते. मी नाव सांगताच उठले, हात झटकले आणि पहिला प्रश्न विचारला, "मी वाचलेलं आलं का पेपरात?"

"आलं."

"तिनं सांगितलं बरोबर?"

"तुम्ही वाचलं होतं तसंच. शब्दाला शब्द."

त्यांचा चेहरा असा फुलला की मी कांद्यांकडे बघायला लागलो. त्यांनी मला त्यांच्या खोलीत नेलं. उशाखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक काढलं. "इथली पोरं हसायची मला. म्हणायची, काशा आता साहेब होणार. पण मी एक पान सोडलं नाय बघ."

ते चहा सांगायला बाहेर गेले. मी बचत गटाचा धडा काढला. पहिलं पान होतं, आणि पुढचं पान थोडं जाड लागलं. चहा सांडून दोन पानं एकमेकांना चिकटून वाळली होती. ती एकदम उलटली की बचत गटाचा धडा अर्ध्यावर संपायचा आणि सहकारी दूध संस्थेच्या धड्याचं नाव आतच राहून तिची माहिती मधूनच सुरू व्हायची. मी नखाने ती पानं हळूच सोडवली आणि उभ्या उभ्या दोन्ही वाचून काढली.

"काय बघतो?" काशिनाथभाऊ कप घेऊन आले.

"काही नाही. पुस्तक छान ठेवलंय तुम्ही."

"मग! तिचं हाय ते," ते म्हणाले.

तो चहा मी कसा प्यालो ते मला आठवत नाही.

मखमलाबाद

घरी आल्यावर दादांनी विचारलं, "काय मिळालं?" मिळालं म्हणण्यापेक्षा एक गोष्ट बदलली, ती सांगतो. आईला वाचता येत नाही. तिच्या मोबाईलवर बँकेचा, शाळेचा, गटाचा काही मेसेज आला की ती मला दाखवायची आणि मी म्हणायचो, "काही नाही, असाच आहे." तिला काय कळायला हवं ते मीच ठरवून टाकायचो. आता मी सगळा मेसेज वाचतो, आहे तसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्याने. पहिल्या दिवशी आई माझ्याकडे बघतच राहिली. आता ती मधेच थांबवून प्रश्न विचारते. काही प्रश्न असे असतात की मलाच पुन्हा वाचावं लागतं. वर्गातही आता मी हजर लागतो.

बाकी दिवस निकालाची वाट बघण्यात गेले. जून गेला, जुलै गेला. मी स्वतः फोन करायला धजावलो नाही.

श्रावणात आम्ही झेंडू तोडत होतो तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मास्तर का?" मावशींचा आवाज होता. त्यांनी मला मास्तर कधीपासून केलं कोण जाणे. "हिराचा निकाल लागला. एक राह्यला."

"कुठला?" मी विचारलं, तरी मला माहीत होतं.

"गावाच्या इकासाचा. बाकीचे निघाले. पण पोरगी दोन दिस झाले बोलत नाय. जेवते, काम करते, बोलत नाय. काशिनाथ आलाय, त्याच्याशी बी नाय. तुला म्हणं ठावं हाय काय चुकलं ते. आता सांग. फोनचा आवाज मोठा केलाय, सारी बसलेत हितं. मोठ्यानं सांग."

काशिनाथभाऊ ऐकत होते. मला ते पुस्तक आठवलं, उशाखालचं. पण हिराताई निकालापर्यंत थांबल्या होत्या आणि आता निकाल लागला होता. मी फुलांची पाटी खाली ठेवली.

"ताई," मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की पलीकडच्या वाफ्यातून दादांनी वर बघितलं. "पुस्तकातली दोन पानं चहाने चिकटली होती. मला पिंपळगावला दिसलं. बचत गटाचा धडा मधेच तुटला आणि पुढे दूध संस्थेचा लागला. तुम्ही सांगितलंत ते दूध संस्थेचं होतं."

पलीकडून काशिनाथभाऊंचा आवाज आला, अगदी बारीक. "मी दोन पानं एकदम उलटली?"

"ती चिकटलीच होती, भाऊ. कुणालाही दिसली नसती."

"थांब, थांब," मावशी मधे पडल्या. "म्हंजे हिनं लिहिलं काय? गटात दूध?"

"हो मावशी."

"अगं, आमच्या गटात कुठं दूध हाय? सात वर्षं जाते मी तिथं! पैसे घालतो, कर्ज देतो, भांडतो, घरी येतो. घरात मी बसलेय ना, मला इचारायचं नाय?"

तेव्हा हिराताई बोलल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "मला वाटलं, पुस्तकातले गट तिकडचे असतील. नाशिककडचे. तिकडे दूध असेल."

आणि त्या हसायला लागल्या. आधी थोडं, मग थांबता येईना असं. त्यांच्यामागून काशिनाथभाऊंचं हसू ऐकू आलं, मग आणखी कुणाकुणाचं. मी बांधावर उभा राहून ऐकत होतो.

"हसली," मावशी मला म्हणाल्या, जणू मला ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी आवाज नेहमीसारखा कडक केला. "दिवाळीच्या आधी एकाच पेपराची परीक्षा असती म्हणं. काशिनाथ उद्या फॉर्म भरून येतो. तू ये लिहायला. गटाचं काय ते मी सांगते तिला."